वैयक्तिक लॅपटॉपवरील यंत्र शिक्षण

वैयक्तिक लॅपटॉपवरील यंत्र शिक्षण म्हणजे संस्थेच्या महासंगणकावर किंवा भाड्याने घेतलेल्या दूरस्थ संगणकावर अवलंबून न राहता, व्यक्तीच्या स्वतःच्या लॅपटॉपवर यंत्र शिक्षणाच्या मॉडेलचे प्रशिक्षण घडवून आणणे होय. यासाठी यंत्रसामग्री, आज्ञावली, माहितीसाठा आणि वीजपुरवठा या चारही बाबतींत पूर्वतयारी करावी लागते. लॅपटॉपवर मोठी मॉडेले शून्यापासून घडवता येत नाहीत. परंतु इतरांनी घडवून खुली केलेली मॉडेले एखाद्या विशिष्ट भाषेसाठी किंवा कामासाठी जुळवून घेता येतात. ज्या भाषांमध्ये लिखित मजकूर थोडा आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत विशेष महत्त्वाची ठरते. मराठी आणि नंदुरबार जिल्ह्यातील काठी परिसरात बोलल्या जाणाऱ्या भिली बोली ही याची दोन वेगवेगळ्या पायऱ्यांवरील उदाहरणे आहेत.

## पार्श्वभूमी

भारतात मोठ्या गणनकार्याचा इतिहास पुण्याशी जोडलेला आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्याच संस्थेचा 'परम सिद्धी-एआय' हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी उभारलेला महासंगणक नोव्हेंबर २०२० मधील जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत ६३ व्या स्थानी होता.

दुसरीकडे, घरगुती संगणकही यंत्र शिक्षणासाठी पुरेसा ठरू शकतो, हे २०१२ मध्ये दिसून आले. टोरांटो विद्यापीठातील ॲलेक्स क्रिझेव्हस्की यांनी 'ॲलेक्सनेट' हे चित्रे ओळखणारे मॉडेल संगणकीय खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन ग्राफिक्स कार्डांवर प्रशिक्षित केले. प्रत्येक कार्डाची स्मृती ३ जीबी होती. १२ लाख चित्रांवरील या प्रशिक्षणास पाच ते सहा दिवस लागले. त्या वर्षीच्या 'इमेजनेट' स्पर्धेत या मॉडेलने मोठ्या फरकाने पहिला क्रमांक मिळवला. त्यानंतर टेन्सरफ्लो (२०१५) आणि पायटॉर्च (२०१६) या खुल्या आज्ञावली आल्या, आणि ग्राफिक्स प्रक्रियक असलेला कोणताही संगणक प्रशिक्षणासाठी वापरणे सुलभ झाले.

## प्रशिक्षणाचे तीन प्रकार

लॅपटॉपची तयारी करण्यापूर्वी कोणत्या प्रकारचे प्रशिक्षण करावयाचे आहे, हे ठरवणे आवश्यक असते. तीनही प्रकारांना मिळून 'प्रशिक्षण' हाच शब्द वापरला जात असला, तरी त्यांच्या गरजांत हजारो पटींचा फरक आहे.

भाषेच्या मॉडेलसाठी लागणाऱ्या आकडेमोडीचा ढोबळ अंदाज पुढील सूत्राने करता येतो: मॉडेलमधील प्राचलांची संख्या, मजकुरातील शब्दखंडांची संख्या आणि ६ यांचा गुणाकार. प्राचल म्हणजे प्रशिक्षणात बदलत जाणारे मॉडेलमधील अंक, तर शब्दखंड म्हणजे मॉडेल वाचते ते शब्दांचे तुकडे. 'बर्ट' या मॉडेलच्या लहान आवृत्तीत शब्दसूची वगळता सुमारे ८.६ कोटी प्राचल आहेत. लॅपटॉपचा ग्राफिक्स प्रक्रियक प्रत्यक्षात सेकंदाला ५ लाख कोटी क्रिया करतो असे धरल्यास पुढील अंदाज निघतात.

- शून्यापासून प्रशिक्षण: मूळ इंग्रजी बर्टसाठी ३३० कोटी शब्दांच्या मजकुराच्या सुमारे ४० फेऱ्या करण्यात आल्या होत्या. तेवढेच काम अशा लॅपटॉपवर अखंड केल्यास सुमारे पाच महिने लागतील.
- पुढील प्रशिक्षण: आधी घडलेल्या मॉडेलला एका भाषेचा अधिक मजकूर वाचायला देणे. पुण्यातील एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ मध्ये प्रकाशित केलेल्या 'महाकॉर्पस' या संग्रहात २.४८ कोटी वाक्ये आणि २८.९ कोटी शब्द आहेत. एका शब्दाचा एकच खंड धरला, तर या संग्रहाच्या एका फेरीस सुमारे आठ तास लागतात. शब्दाचे दोन खंड पडल्यास वेळ दुप्पट होतो.
- सूक्ष्म जुळवणी: तयार मॉडेलला एक ठरावीक काम शिकवणे. याच गटाच्या २०२१ मधील 'महासेंट' या संचात मराठीतील सुमारे १६,००० ट्वीट असून त्यांची सकारात्मक, नकारात्मक व तटस्थ अशी विभागणी केलेली आहे. प्रत्येकी ६४ शब्दखंड धरून अशा संचाच्या तीन फेऱ्यांना सुमारे पाच मिनिटे पुरतात. ग्राफिक्स प्रक्रियक नसलेल्या लॅपटॉपवर हेच काम काही तासांत होते.

म्हणजेच पहिला प्रकार लॅपटॉपच्या आवाक्याबाहेरचा, दुसरा एका-दोन रात्रींचा, तर तिसरा सामान्य लॅपटॉपवरही शक्य असलेला आहे. पुढील वर्णन मुख्यत्वे दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारासंबंधी आहे.

## यंत्रसामग्री

### ग्राफिक्स प्रक्रियक

प्रशिक्षणातील आकडेमोड मुख्यतः मोठ्या सारण्यांच्या गुणाकाराची असते. संगणकाचा मुख्य प्रक्रियक हे काम थोड्या गाभ्यांवर करतो, तर ग्राफिक्स प्रक्रियक, म्हणजे जीपीयू, एकाच वेळी हजारो गाभ्यांवर करतो. एनव्हीडिया कंपनीने २००७ मध्ये 'कुडा' ही प्रणाली आणून ग्राफिक्स प्रक्रियक सर्वसाधारण गणनेसाठी खुला केला. त्यामुळे बहुतेक आज्ञावली प्रथम या प्रणालीसाठी लिहिल्या जातात. एएमडीच्या प्रक्रियकांसाठी 'आरओसीएम' ही प्रणाली आहे. ॲपलच्या २०२० पासूनच्या एम-मालिकेतील लॅपटॉपवर पायटॉर्चने २०२२ पासून ग्राफिक्स प्रक्रियक वापरण्याची सोय केली आहे. या लॅपटॉपमध्ये मुख्य स्मृती आणि ग्राफिक्स स्मृती एकच असते.

लॅपटॉप निवडताना प्रक्रियकाच्या नावावर विसंबून चालत नाही. एकाच नावाच्या प्रक्रियकाची लॅपटॉपमधील आवृत्ती टेबलावरील संगणकाच्या आवृत्तीपेक्षा कमी क्षमतेची असू शकते. उदाहरणार्थ, आरटीएक्स ३०६० या कार्डाची टेबलावरील संगणकासाठीची प्रचलित आवृत्ती १२ जीबीची, तर लॅपटॉपमधील आवृत्ती ६ जीबीची आहे. ग्राफिक्स स्मृती नंतर वाढवता येत नाही. मुख्य स्मृती व साठवण मात्र अनेक लॅपटॉपमध्ये वाढवता येतात. त्यामुळे खरेदीच्या वेळी वेगापेक्षा ग्राफिक्स स्मृतीकडे प्रथम पाहणे हितावह मानले जाते. वेग कमी पडला तर काम उशिरा होते, पण स्मृती कमी पडली तर ते सुरूच होत नाही.

### स्मृतीचे गणित

प्रचलित 'ॲडम' या पद्धतीने पूर्ण प्रशिक्षण करताना प्रत्येक प्राचलामागे १६ बाइट स्मृती लागते: प्राचलाच्या किमतीसाठी ४, ती कोणत्या दिशेने बदलावी हे सांगणाऱ्या उतारासाठी ४, आणि मागील उतारांच्या दोन सरासऱ्यांसाठी ८. त्यावरून पुढील हिशेब निघतो.

| मॉडेल | प्राचल | पूर्ण प्रशिक्षणास लागणारी किमान स्मृती |
|---|---|---|
| व्हिस्पर, बेस आवृत्ती | ७.४ कोटी | १.२ जीबी |
| बर्ट, लहान आवृत्ती | ११ कोटी | १.८ जीबी |
| बहुभाषिक बर्ट | १७.८ कोटी | २.८ जीबी |
| व्हिस्पर, स्मॉल आवृत्ती | २४.४ कोटी | ३.९ जीबी |
| १०० कोटी प्राचलांचे मॉडेल | १०० कोटी | १६ जीबी |
| ७०० कोटी प्राचलांचे मॉडेल | ७०० कोटी | ११२ जीबी |

याशिवाय वाक्ये मॉडेलमधून जात असताना निर्माण होणाऱ्या मधल्या उत्तरांसाठी वेगळी स्मृती लागते. एका वेळी किती वाक्ये दिली आणि ती किती लांब आहेत, यावर ती अवलंबून असते. स्मृती कमी पडत असल्यास पुढील उपाय योजले जातात.

- लहान बॅच व उतारांची बेरीज: ३२ वाक्ये एकदम देण्याऐवजी ४-४ वाक्ये आठ वेळा देऊन उतारांची बेरीज करणे व मगच प्राचल बदलणे. परिणाम जवळपास तोच राहतो.
- मिश्र अचूकता: बरीचशी आकडेमोड ४ ऐवजी २ बाइटच्या अंकांत करणे. यामुळे वेग वाढतो आणि मधल्या उत्तरांची स्मृती कमी होते. वरील १६ बाइटांचा हिशेब मात्र नेहमीच्या मांडणीत फारसा बदलत नाही.
- मधली उत्तरे पुन्हा काढणे: सर्व मधली उत्तरे साठवण्याऐवजी गरजेच्या वेळी ती पुन्हा काढणे. स्मृती बरीच वाचते, वेळ सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो.
- भाग गोठवणे: मॉडेलचा काही भाग प्रशिक्षणात न बदलणे. बहुभाषिक बर्टमधील निम्म्याहून अधिक प्राचल, सुमारे ९.२ कोटी, केवळ १०४ भाषांच्या शब्दसूचीत खर्च झालेले आहेत. केवळ मराठीचे काम असल्यास ही सूची गोठवून सुमारे १.१ जीबी स्मृती वाचवता येते.
- लोरा व क्यूलोरा: मूळ प्राचल तसेच ठेवून त्यांच्या जोडीला लहान सारण्या शिकवणे ही 'लोरा' पद्धत २०२१ मध्ये, तर मूळ प्राचल प्रत्येकी ४ बिटांत दाबून ठेवणारी 'क्यूलोरा' २०२३ मध्ये मांडण्यात आली. क्यूलोरामुळे ७०० कोटी प्राचलांच्या मॉडेलचे मूळ प्राचल सुमारे ३.५ जीबीत मावतात, आणि लहान बॅच घेऊन ८ जीबीच्या लॅपटॉपवर त्याची जुळवणी करता येते.

## आज्ञावली

बहुतेक साधने प्रथम लिनक्ससाठी तयार होतात. विंडोज वापरणाऱ्यांना विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची 'डब्ल्यूएसएल २' ही सोय उपलब्ध आहे. पायटॉर्च विंडोजवर थेटही चालते. टेन्सरफ्लोने मात्र २.१० नंतरच्या आवृत्त्यांत विंडोजवरील थेट जीपीयू सोय बंद केली असून त्यासाठी डब्ल्यूएसएल २ लागते.

मांडणीचा नेहमीचा क्रम असा असतो:

१. ग्राफिक्स प्रक्रियकाची चालक आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, अद्ययावत करणे व 'एनव्हीडिया-एसएमआय' या आज्ञेने प्रक्रियक दिसतो की नाही हे पाहणे.
२. प्रत्येक कामासाठी पायथनचे स्वतंत्र आभासी वातावरण तयार करणे, म्हणजे एका कामाच्या आवृत्त्या दुसऱ्यास बाधत नाहीत.
३. पायटॉर्चची प्रक्रियकाला साजेशी आवृत्ती बसवणे. तिच्यात कुडाचा आवश्यक भाग समाविष्ट असतो. कुडाचा पूर्ण संच वेगळा बसवण्याची गरज सहसा नसते, आणि दोन आवृत्त्यांच्या गोंधळामुळेच नवशिक्यांचा बराच वेळ जातो.
४. पायटॉर्चला प्रक्रियक सापडतो का हे तपासणे. तो न सापडल्यास काम निमूटपणे मुख्य प्रक्रियकावर चालते आणि केवळ संथपणा जाणवतो.
५. वापरलेल्या सर्व आज्ञावलींच्या आवृत्त्यांची यादी फाइलमध्ये नोंदवून ठेवणे.

ही साधने व मॉडेले काही जीबी आकाराची असतात. जोडणी संथ असलेल्या गावात ती पुन्हा पुन्हा उतरवणे अशक्य होते. अशा वेळी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी सर्व संच एकदाच उतरवून पेन ड्राइव्हवर घेतले जातात आणि गावी जोडणीविना बसवले जातात. 'पिप' या साधनात तशी सोय आहे. अनोळखी ठिकाणच्या मॉडेल-फाइलमध्ये घातक आज्ञा दडवता येतात, म्हणून 'सेफटेन्सर्स' या सुरक्षित स्वरूपातील फाइलींना प्राधान्य दिले जाते.

## देवनागरी मजकुराची तयारी

मराठीसाठी मजकुराची स्वच्छता ही यंत्रसामग्रीइतकीच निर्णायक असते. जुना मराठी मजकूर पुष्कळदा युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला असतो. तो पडद्यावर मराठी दिसला तरी संगणकाच्या दृष्टीने रोमन अक्षरांची निरर्थक रांग असतो. प्रशिक्षणापूर्वी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर अनिवार्य असते.

युनिकोडमध्येही एकच अक्षर दोन प्रकारे लिहिले जाऊ शकते. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र कोणी 'ऱ' आणि हलन्त वापरून टंकतात, तर कोणी साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण मॉडेलला ते दोन वेगळे शब्द वाटतात. स्वच्छतेच्या नावाखाली सर्व अदृश्य चिन्हे पुसून टाकल्यास दुसऱ्या प्रकारे टंकलेल्या 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, म्हणजे डोंगरातील दरीचा समुद्र होतो. म्हणून आधी सर्व लेखन एकाच पद्धतीत आणावे लागते व मगच अनावश्यक चिन्हे काढावी लागतात.

मॉडेलची आवृत्ती निवडतानाही अशीच दक्षता घ्यावी लागते. बहुभाषिक बर्टची 'अनकेस्ड' नावाची आवृत्ती युरोपीय अक्षरांवरील स्वरचिन्हे काढून टाकण्यासाठी एक नियम वापरते. तोच नियम देवनागरीतील उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांनाही लागू होतो. परिणामी 'पुणे' या शब्दाचे 'पण' आणि 'नंदुरबार'चे 'नदरबार' होते. काना आणि वेलांटी मात्र वाचतात, त्यामुळे 'काठी' हा शब्द जसाच्या तसा राहतो. केवळ अशाच शब्दांवर चाचणी घेणाऱ्यास दोष दिसत नाही. मराठीसाठी 'केस्ड' आवृत्तीच वापरावी लागते.

यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. इंग्रजीप्रधान शब्दसूची असलेले मॉडेल मराठी शब्दाचे अनेक तुकडे पाडते. तेवढ्याच मजकुरासाठी मग अधिक वेळ व अधिक स्मृती लागते. शंभर वाक्ये घेऊन दर शब्दामागे सरासरी किती तुकडे पडतात हे मोजणे, ही मॉडेल निवडण्याची सोपी कसोटी आहे.

## वीज व उष्णता

प्रशिक्षणाच्या वेळी ग्राफिक्स प्रक्रियक असलेला लॅपटॉप साधारण १५० वॅट वीज घेतो असे धरल्यास आठ तासांच्या कामास १.२ युनिट वीज लागते. म्हणजे खर्च अल्प असतो, मुख्य प्रश्न अखंडतेचा असतो. विमानप्रवासाच्या नियमांमुळे लॅपटॉपची बॅटरी सहसा १०० वॅट-तासांच्या आत असते. पूर्ण भारावर ती अर्धा-पाऊण तास पुरते आणि बॅटरीवर चालताना बहुतेक लॅपटॉप प्रक्रियकाचा वेगही कमी करतात. म्हणून भारनियमनाच्या काळात बॅटरीचा उपयोग काम पुढे नेण्यासाठी न करता ते सुरक्षितपणे जतन करून थांबवण्यासाठी करणे योग्य ठरते. घरगुती इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास बॅटरीत नाममात्र १.८ युनिट वीज मावते. तिचा अर्धा ते पाऊण भाग वापरता येतो असे धरल्यास आणि दुसरे काहीही जोडलेले नसल्यास लॅपटॉप सुमारे सहा ते नऊ तास चालू शकतो.

काम जतन करण्याच्या या नोंदीस 'चेकपॉइंट' म्हणतात. तिच्यात केवळ प्राचल ठेवणे पुरेसे नसते. ॲडमच्या दोन्ही सरासऱ्या, शिकण्याच्या वेगाचे वेळापत्रक, कितवी पायरी चालू होती आणि यादृच्छिक क्रमाची स्थिती हे सर्व जतन केले, तरच काम थांबले तेथून पुढे चालू होते. ११ कोटी प्राचलांच्या मॉडेलसाठी अशी नोंद सुमारे १.३ जीबीची होते. दर १५-२० मिनिटांनी नोंद करून शेवटच्या दोनच ठेवण्याची पद्धत रूढ आहे. दोन ठेवण्याचे कारण असे, की एक नोंद लिहिली जात असतानाच वीज गेली तर दुसरी शाबूत राहते.

खानदेशात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर न ठेवता टणक पृष्ठभागावर मागील बाजू उचलून ठेवणे, पंख्याच्या जाळीतील धूळ काढणे आणि दीर्घ काम रात्री लावणे हे साधे उपाय परिणामकारक ठरतात. प्रक्रियक फार तापल्यास तो स्वतःच वेग कमी करतो, त्यामुळे थंड खोलीत तेच काम लवकर संपते. झाकण बंद होताच झोपी जाणे आणि अद्ययावतीकरणासाठी आपोआप पुन्हा सुरू होणे या दोन्ही सोयी कामाच्या काळात बंद ठेवाव्या लागतात. लॅपटॉप सतत विजेला जोडलेला राहणार असल्यास बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच भरण्याची मर्यादा घातल्याने तिचे आयुष्य वाढते.

## चाचणी व मूल्यमापन

दीर्घ काम लावण्यापूर्वी काही मिनिटांच्या तीन चाचण्या घेतल्या जातात. पहिली चाचणी सुरुवातीच्या चुकीची: तीन वर्गांच्या विभागणीत न शिकलेल्या मॉडेलची चूक ३ च्या नैसर्गिक लॉगरिदमाइतकी, म्हणजे १.१ च्या जवळ असावी. ती फार वेगळी असल्यास मांडणीत दोष असतो. दुसरी चाचणी पाठांतराची: केवळ १०-२० वाक्ये पुन्हा पुन्हा दिल्यास मॉडेलने ती पूर्ण पाठ केली पाहिजेत. तेही न जमल्यास मोठ्या संचावर वेळ घालवण्यात अर्थ नसतो. तिसरी चाचणी पुनरारंभाची: काम मुद्दाम मधेच बंद करून ते चेकपॉइंटपासून नीट सुरू होते का, हे पाहणे.

अंतिम मूल्यमापनासाठी राखून ठेवलेला संच प्रशिक्षणात कधीही येता कामा नये. शिकवलेलीच प्रश्नपत्रिका परीक्षेत दिल्यास गुण वाढतात, ज्ञान वाढत नाही. हाच दोष येथे घडतो. लहान संचात एकच वाक्य दोनदा असणे किंवा एकाच व्यक्तीचा आवाज दोन्ही भागांत असणे, ही याची नेहमीची कारणे आहेत.

## काठी व सातपुड्यातील भाषांचा संदर्भ

काठी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील सातपुड्यातील गाव तेथील राजवाडी होळीसाठी प्रसिद्ध आहे. अक्कलकुवा व धडगाव परिसरात देहवाली, नोयरी, पावरी इत्यादी नावांनी ओळखल्या जाणाऱ्या बोली बोलल्या जातात. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०७ मध्ये प्रकाशित झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ल भाषांच्या गटात यांची नोंद आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भिली अथवा भिलोडी भाषकांची संख्या सुमारे १.०४ कोटी आहे. त्याच जनगणनेत मराठी भाषक ८.३ कोटी होते. संख्येच्या मानाने भिली ही लहान भाषा नव्हे, परंतु ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही, महाराष्ट्रात देवनागरीत तर गुजरातेत गुजराती लिपीत लिहिली जाते आणि तिचे मोठे धन मौखिक आहे.

याचा थेट परिणाम मॉडेलांवर होतो. बहुभाषिक बर्ट विकिपीडियाच्या १०४ भाषांतील मजकुरावर घडवले गेले. त्यात मराठी आहे, भिली नाही. ओपनएआयने २०२२ मध्ये खुल्या केलेल्या 'व्हिस्पर' या वाणी-ओळख मॉडेलच्या भाषांतही मराठी व गुजराती आहेत, भिली नाही. केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये 'आदि वाणी' या अनुवादप्रणालीची प्राथमिक आवृत्ती सुरू केली. आयआयटी दिल्लीच्या नेतृत्वाखालील या प्रकल्पात संथाळी, मुंडारी, गोंडी यांच्यासह भिलीचा समावेश आहे. ही भिली मध्य प्रदेशातील असल्याने सातपुड्याच्या या भागातील बोलींसाठी वेगळ्या नमुन्यांची आवश्यकता उरते.

अशा बोलीसाठी लॅपटॉपवर काय शक्य आहे, याचा हिशेब करता येतो. सेकंदाला १६,००० नमुने व प्रत्येक नमुना २ बाइट या प्रमाणात एका तासाचे ध्वनिमुद्रण ११५ एमबी जागा घेते. दहा तासांचा संग्रह सुमारे १.१५ जीबीचा होतो, म्हणजे तो जुन्या पेन ड्राइव्हवरही मावतो. व्हिस्परची बेस आवृत्ती ६ जीबीच्या ग्राफिक्स स्मृतीत सहज, तर स्मॉल आवृत्ती वर दिलेले उपाय योजून जुळवता येते. मॉडेलमध्ये भिलीसाठी भाषा-खूण नसल्याने मराठी किंवा गुजरातीची खूण वापरून दोहोंपैकी कोणती अधिक उपयोगी पडते, हे पाहावे लागते. संग्रहाची विभागणी बोलणाऱ्या व्यक्तींनुसार करावी लागते, अन्यथा मॉडेल भाषेऐवजी आवाज ओळखायला शिकते.

यातील खरा श्रम संगणकाचा नसून ऐकून लिहिण्याचा असतो. तासाभराच्या मुद्रणाचे अचूक लेखन करण्यास कित्येक तास लागतात आणि ते बोली जाणणाऱ्या व्यक्तीलाच करता येते. एखादा ध्वनी देवनागरीत कसा लिहावा, याचा निर्णय आधी करून तो सर्वत्र सारखा पाळावा लागतो. मराठीच्या वळणाने शब्द 'सुधारून' लिहिल्यास मॉडेल बोली शिकत नाही, तिचे मराठीकरण शिकते.

लॅपटॉपवरील प्रशिक्षणाचा दुसरा लाभ ताब्याचा आहे. आवाज ही व्यक्तीची ओळख पटवणारी बाब आहे, तर विधीगीते व कथा समाजाचा सामायिक ठेवा आहेत. मुद्रणे दूरच्या संगणकावर न पाठवता गावातच ठेवून प्रशिक्षण केल्यास ती कोणाला, कशासाठी द्यावीत हा निर्णय बोलणाऱ्यांच्या हाती राहतो. मुद्रणापूर्वी समजेल अशा भाषेत संमती घेणे आणि ती मागे घेण्याची मुभा ठेवणे आवश्यक मानले जाते. भारतात वैयक्तिक माहितीच्या वापरासंबंधी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ हा कायदा संमत झाला आहे. एकदा शिकलेल्या मॉडेलमधून एखाद्याचे मुद्रण वेगळे काढणे अवघड असते, म्हणून संमतीचा प्रश्न प्रशिक्षणाआधीच सोडवावा लागतो.

## मर्यादा व पर्याय

लॅपटॉपची रचना अखंड पूर्णभार कामासाठी केलेली नसते. दीर्घकाळ अशा वापराने पंखे व बॅटरी झिजतात. एकच प्रक्रियक असल्याने निरनिराळे प्रयोग एकामागून एक करावे लागतात. व्हिस्परची १५५ कोटी प्राचलांची सर्वांत मोठी आवृत्ती किंवा त्याहून मोठी मॉडेले पूर्णपणे प्रशिक्षित करणे बहुतेक लॅपटॉपवर शक्य नसते. दहा तासांच्या संग्रहावर जुळवलेले मॉडेल कच्चा मसुदा देऊ शकते, निर्दोष लेखन नव्हे. वैद्यकीय किंवा कायदेविषयक कामासाठी त्यावर विसंबता येत नाही.

पर्याय म्हणून गूगल कोलॅब व कॅगल या सेवांवर मर्यादित काळासाठी विनामूल्य ग्राफिक्स प्रक्रियक मिळतो. त्यासाठी स्थिर जोडणी लागते व माहिती बाहेर पाठवावी लागते. केंद्रीय मंत्रिमंडळाने ७ मार्च २०२४ रोजी १०,३७१.९२ कोटी रुपयांच्या 'इंडियाएआय' मोहिमेस मंजुरी दिली. संशोधक व नवउद्योगांना गणनक्षमता उपलब्ध करून देणे हा तिचा एक घटक आहे. व्यवहारात अनेकदा दोन्ही मार्गांचा मेळ घातला जातो: संग्रह, स्वच्छता आणि लहान प्रयोग लॅपटॉपवर, आणि पद्धत निश्चित झाल्यावर संमती असलेल्या माहितीपुरते मोठे प्रशिक्षण बाहेरच्या संगणकावर.

## हे सुद्धा पहा

- यंत्र शिक्षण
- कृत्रिम बुद्धिमत्ता
- देवनागरी
- युनिकोड
- भिली भाषा
- काठी
- प्रगत संगणन विकास केंद्र